हनुवटीवरचा पहारा

गाडीतल्या छोट्या आरशाइतका स्पष्टवक्ता आरसा दुसरा नाही. बाथरूमच्या दिव्यात सगळं छान दिसत असतं, आपण तोंड धुऊन क्रीम लावून समाधानाने बाहेर पडतो, आणि भर दुपारी गाडीत बसल्यावर सहज तो वरचा आरसा खाली केला की जबड्याच्या कडेला एक काळा ताठ केस दिसतो, चांगला वाढलेला, आणि मनात पहिलं काय येतं तर, बाई गं, म्हणजे सकाळपासून हा सगळ्यांना दिसत होता! ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांनीही खुशाल पुढे वाचा. ज्यांना माहितीये त्या आत्ता वाचता वाचता हनुवटीखालून बोट फिरवून बघतायत, मी पैज लावायला तयार आहे.

चेहऱ्यावर केस येणाऱ्या मुलीला काही सवयी कुणी न शिकवता लागतात. खिडकीसमोर बसायचं नाही, उजेड पाठीमागून आला पाहिजे. बोलताना हात हनुवटीवर, लोकांना वाटतं काय विचारी मुलगी आहे. मैत्रीण कानात काही सांगायला जवळ आली की आधी मान मागे जाते आणि मग लक्षात येतं की आपण उद्धट दिसलो. कुणाकडे मुक्कामाला जायचं असेल तर कपड्यांच्या आधी बॅगेत काय टाकायचं ते ठरलेलं. २०२० मध्ये सगळं जग मास्कला वैतागलं होतं ना, तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणी आतून निवांत होत्या, शाळेत असल्यापासून चाललेल्या ड्युटीवरनं पहिल्यांदा सुट्टी मिळाल्यासारखं झालं होतं. हे तेव्हा बोलायची सोय नव्हती, लोक आजारी पडत होते, पण खरं आहे.

आणि हे काही फार दुर्मिळ नाहीये. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंतच्या वयातल्या साधारण ५ ते १० टक्के बायकांना हा त्रास असतो. हर्सुटिझम असं त्याचं डॉक्टरी नाव. म्हणजे वर्गात, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे पन्नास बायका जमल्यात तिथे दोन-चार जणी तरी यातल्या असणार, आणि त्यातल्या प्रत्येकीला वाटत असतं की आपण एकटीच. कसं कळणार दुसरीला? सगळ्या काढूनच बाहेर पडतात. आमच्या घरात आईला होते, आम्हा दोघी बहिणींना आहेत, तिघी एका छपराखाली कितीतरी वर्षं राहिलो, आणि बाथरूमची कडी लागलेली असली की बाकीच्या दोघींनी काही विचारायचं नाही, एवढाच काय तो आमच्यातला या विषयावरचा संवाद.

आता मुळात होतं काय ते सांगते, कारण मला स्वतःला हे नीट कुणी सांगितलं असतं तर माझी विशी जरा बरी गेली असती. केसाचं मूळ सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतं, बायकांच्या आणि पुरुषांच्या, संख्येत फार फरक नाही. बाईच्या हनुवटीवर त्या मुळातून लव येते, मऊ, आखूड, रंग जवळजवळ नाहीच. अँड्रोजेन नावाची जी हार्मोन्स आहेत त्यांचा जोर वाढला, किंवा ते मूळच त्यांच्या बाबतीत जास्त हळवं असलं, की त्याच लवेचा राठ काळा केस होतो. नवीन केस उगवत नाही, जुन्याचीच जात बदलते. आणि एकदा बदलली की पुन्हा लव होणं अवघड, म्हणून औषधांना वेळ लागतो आणि म्हणूनच औषधांसोबत केस काढणंही चालूच ठेवावं लागतं. गंमत बघा, टेस्टोस्टेरॉनचं केसाच्या मुळाशीच एक जास्त कडक रूप तयार होतं, ते हनुवटीवरचा केस जाड करतं आणि डोक्यावरचा पातळ करतं. जिथे हवे तिथे गळतात, नको तिथे वाढतात, शरीराला विनोदबुद्धी आहे असं म्हणायचं आणि काय.

'पुरुषी हार्मोन वाढलंय' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते वय असं होतं की त्या वाक्याचं पुढे बरंच काही झालं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघत सहज म्हटलं, त्यांच्यासाठी तो आकडा होता. मी घरी येऊन आरशात माझे खांदे बघितले, आवाज रेकॉर्ड करून ऐकला. खरं तर टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या अंगात असतंच, अंडाशय तयार करतात, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून येतं, आणि ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो ते इस्ट्रोजेन शरीर बनवतं कशापासून, तर याच अँड्रोजेनपासून. एवढं एक वाक्य त्या दिवशी कुणी जोडलं असतं तर काय बिघडलं असतं!

मोजमापाची गोष्ट तर आणखी मजेची आहे. १९६१ मध्ये फेरीमन आणि गॅलवे या दोन डॉक्टरांनी एक तक्ता केला, अंगावरच्या ११ जागा घ्यायच्या आणि प्रत्येकीला केसांप्रमाणे शून्य ते चार मार्क द्यायचे. पुढे त्यातल्या दोन जागा गळल्या आणि नऊ राहिल्या. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा भाग, खालचा भाग, दंड, मांड्या, पाठ, कंबर. एकूण मार्क ३६. साधारण आठच्या पुढे गेलं की हर्सुटिझम म्हणायचं, पण ही रेघ सगळीकडे एक नाही, पूर्व आशियातल्या बायकांच्या अंगावर मुळातच केस कमी म्हणून तिथे ती बरीच खाली धरतात. आपल्याला आयुष्यात ज्या परीक्षेत चांगले मार्क पडू नयेत असं वाटतं ती ही एकमेव परीक्षा.

पण हा तक्ता वापरायचा तर केस दिसायला हवेत ना. मी गेले तेव्हा नेहमीप्रमाणे चेहरा साफ करून गेले, डॉक्टरकडे जायचं म्हणजे काय, चार लोकांत बसायचं वेटिंगमध्ये. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, कुठे आहेत, मला तर काही दिसत नाहीत. आणि मग, पुढच्या वेळी काही आठवडे न काढता या. त्या चुकीचं बोलत होत्या असं नाही. पण बारा-तेरा वर्षांची असल्यापासून जी गोष्ट कुणाला दिसू द्यायची नाही म्हणून जिवाचं रान केलं तीच आता आणून दाखव, नाहीतर तुझा आजार खरा नाही, असं ते ऐकू आलं. मला वाटतं कितीतरी मुली याच पायरीवरून परत फिरतात. ते काही आठवडे कॉलेजला कसं जायचं, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेच नाही. आणि हेही खरं की मार्कांचा आणि त्रासाचा फार संबंध नसतो, पंधरा मार्कवाली निवांत असते आणि हनुवटीवर सहाच केस असलेली मुलगी पोहायला जायचं सोडून देते.

कारणांमध्ये सगळ्यात वरचं नाव पीसीओएसचं, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सची एक गडबड, बोलताना आपण पीसीओडीच म्हणतो. केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या दर चार जणींत साधारण तिघींना तेच निघतं. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल या दोघा डॉक्टरांनी सात बायकांची माहिती छापली, पाळी अनियमित, अंडाशयात गाठी-गाठी, अंगावर केस. पण त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, फ्रान्समधल्या अशार आणि तिएर या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह', म्हणजे केस आणि साखर यांचं काहीतरी साटंलोटं आहे हे तेव्हाच कुणाच्या तरी नजरेत आलं होतं. आज ते साटंलोटं बरंच उलगडलंय. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त इन्सुलिन सोडतं, ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन बनवायला लावतं आणि दुसरीकडे लिव्हरला सांगतं की हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनव, झालं, मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन वाढलं. म्हणजे हनुवटीवरच्या केसाची तक्रार ही कधी कधी पुढच्या डायबेटिसची आगाऊ चिठ्ठी असते. आणि आपण ती चिठ्ठी न वाचता दर आठवड्याला उपटून फेकत असतो. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही पाळीला आणि हार्मोन्सना फरक पडतो हे खरंच आहे, फक्त ते 'आधी वजन कमी करा मग बघू' या सुरात सांगितलं की माणूस पुन्हा त्या दारात जात नाही. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना तर कुणी धड विचारतही नाही.

काहींच्या बाबतीत जन्मापासूनच अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं एक एन्झाइम कमी काम करत असतं, त्याचं सौम्य रूप वयात येताना केसांतून डोकं वर काढतं आणि ते शोधायला सकाळी लवकर रक्त देऊन एक वेगळी टेस्ट करावी लागते. काहींना औषधांनी होतं, फिट्सवरची काही, डॅनाझोल, जिममध्ये मिळणारी स्टेरॉइड्स. आणि काही जणींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, पाळी घड्याळासारखी, फक्त केस आहेत, मुळं हळवी, घराण्यात आलेली. हे ऐकून काही जणी रडतात, की मग आता दोष कुणाला द्यायचा. बाकी घाबरायची वेळ क्वचित, पण ती माहीत हवी. केस हळूहळू वर्षानुवर्षं वाढले तर शांतपणे डॉक्टर गाठा. पण दोन-चार महिन्यांत एकदम वाढले, आवाज घोगरा होऊ लागला, कपाळावरनं टक्कल पडायला लागलं, तर पार्लर वगैरे सोडा आणि ताबडतोब तपासून घ्या, क्वचित का होईना पण ती अंडाशयातली किंवा अ‍ॅड्रिनलमधली गाठ असू शकते.

आता मला जे मुख्य बोलायचंय ते. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय की केस काढायचा उपाय आपण केसाकडे बघून निवडत नाही, तो आपली लाज निवडते. लाजेला लपून करता येणारा उपाय आवडतो, आणि लपून केलेल्या उपायाला कुणी जाब विचारत नाही.

इतिहास बघितला तर अंगावर काटा येतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत एक्स-रेने केस घालवायची टूम निघाली, ट्रायको नावाचं मशीन होतं, लाकडी पेटीसमोर बायका हनुवटी धरून बसायच्या, ना दुखत ना काही. केस खरंच जायचे. मग काही वर्षांनी कातडी सुरकुतायची, पांढरे-काळे डाग, जखमा, कॅन्सर. आणि डॉक्टर लोक ओरडायला लागल्यावरही काही ठिकाणी हे मागच्या खोलीत लपूनछपून चालूच राहिलं, कारण जाणाऱ्या बायका कुणाला सांगणार होत्या? त्याच सुमाराला कोरेम्लू नावाचं क्रीम निघालं, त्यात थॅलियम, म्हणजे चक्क उंदीर मारायचं विष. ओठावरचे केस घालवायला लावायचं आणि मग पाय लुळे, डोक्याचे केस साफ, डोळ्यांवर परिणाम. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात सौंदर्यप्रसाधनावर हात टाकायची सोयच नव्हती, १९३८ मध्ये कायदा बदलला आणि तो बदलायला लावणाऱ्या उदाहरणांत हे क्रीम होतं. मी हे वाचलं तेव्हा मला त्या बायका मूर्ख वाटल्या नाहीत, मला त्या ओळखीच्या वाटल्या.

आपल्या काळातला प्रकार सौम्य आहे पण जात तीच. हनुवटीवरचा केस चिमट्याने उपटायचा, तो नीट वर येत नाही, आतल्या आत वळतो, मग त्याला सुईने उकरायचं, मग फोड, मग काळा डाग, मग डागासाठी क्रीम, त्या क्रीममध्ये स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड चेहऱ्यावर फार दिवस लावलं की तिथेच केस वाढू शकतात. अशी ही वरात. आणि ज्या एका साध्या वस्तूने यातलं बरंचसं टळलं असतं, ती म्हणजे रेझर, तिला मात्र हात लावायचा नाही! का तर केस दाट येतात. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढ्या तपासून सांगितलं की केस कापल्याने जाडी, रंग, वाढीचा वेग यांत काही फरक पडत नाही. १९७० मध्ये दोघा संशोधकांनी काही तरुणांचा एक पाय दर आठवड्याला काही महिने भादरला आणि दुसरा तसाच ठेवला, शेवटी दोन्हीत फरक नाही. साहजिक आहे, मूळ कातडीच्या आत, पातं बाहेर, आतल्याला काय कळणार. फक्त टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं. तरी रेझर म्हटलं की अंग चोरतं, कारण दाढी करणं म्हणजे मग दाढी आहे हे मान्य करणं. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच हे बायकांचं, रेझर पुरुषांचं. जिलेट कंपनीने १९१५ मध्येच बायकांसाठी वेगळा रेझर काढला होता बरं का, पण तो काखेसाठी, तिथपर्यंत चालतं.

मला पटलं ते लेझरच्या वेळी. तिथे सांगितलं, चिमटा नको, वॅक्स नको, थ्रेडिंग नको, आधी फक्त रेझर फिरवून या. कारण लेझर केसातला काळा रंग धरतो आणि त्या वाटेने मुळाला भाजतो, मूळच उपटून नेलं तर तो धरणार कशाला. म्हणूनच पांढऱ्या केसांवर तो चालत नाही, आणि सावळ्या कातडीला मशीन जपून निवडावं लागतं, नाहीतर भाजतं ते कातडीला. लांब लहरीचं एनडी-याग नावाचं लेझर सावळ्या रंगाला त्यातल्या त्यात सुरक्षित. जाहिरातीत 'कायमचे' लिहितात ते जरा हातचं राखून वाचायचं, लेझरने केस कायमचे कमी होतात, सगळे कायमचे जातातच असं नाही, आणि आतली हार्मोन्स तशीच असतील तर ती नवीन लवेला राठ करतच राहणार. काही जणींना तर चेहऱ्यावर लेझरनंतर आजूबाजूला उलट जास्त केस येतात, हे क्वचित होतं पण होतं, आणि हे आधी कुणी सांगत नाही. एकेका मुळात सुई घालून विजेने जाळायचं ते इलेक्ट्रोलिसिस जास्त पक्कं, पांढऱ्या केसालाही चालतं, पण वेळखाऊ आणि दुखरं. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ते काढलं, पापणीचे केस उलटे वळून डोळ्याला टोचतात त्यासाठी, सौंदर्याचा काही संबंध नव्हता.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. पहिली म्हणजे साधी गर्भनिरोधक गोळी, ती अंडाशयाचं अँड्रोजेन कमी करते आणि त्या बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाला वाढवते. लग्न न झालेल्या मुलीला ही लिहून दिली की घरात काय होतं ते मी सांगायला नको, काही घरांत तर तिथेच उपचार संपतो. सहा महिन्यांनी फरक पुरेसा वाटला नाही तर अँड्रोजेनचा परिणाम अडवणारं स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध जोडतात, मात्र ते घेताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीचा पाळीला, साखरेला उपयोग होतो, केसांना विशेष नाही. आणि सहा महिने म्हणजे खरंच सहा महिने, केसाचं चक्रच तेवढं संथ आहे. तिसऱ्या आठवड्यात आरशाजवळ जाऊन मोजत बसलं तर निराशाच येते.

अधूनमधून कुणीतरी मला हरनाम कौरचा फोटो पाठवतं. ब्रिटनमधली ती शीख मुलगी, पीसीओएस आहे, शाळेत भयंकर छळ झाला, मग तिने दाढी वाढूच दिली, २०१६ मध्ये गिनीज बुकात नाव आलं. मला ती मनापासून आवडते. पण फोटोखाली 'बघ, स्वतःवर प्रेम करायला शीक' असं लिहिलेलं असलं की डोकं सटकतं. म्हणजे आधी केस होते म्हणून कमी पडले आणि आता ते काढते म्हणूनही कमी पडले! दाढी ठेवायचं धाडस तिचं आहे, ते माझ्यावर गृहपाठ म्हणून लादू नका. १६३१ मध्ये रिबेरा नावाच्या चित्रकाराने माग्दालेना व्हेंतुरा नावाच्या बाईचं चित्र काढलंय, छातीपर्यंत रुळणारी दाढी, कडेवर दूध पिणारं बाळ, मागे नवरा उभा. सदतिसाव्या वर्षी दाढी यायला लागली, चित्र काढलं तेव्हा बावन्न वर्षांची. शेजारच्या दगडावर लिहिलंय, निसर्गाचा मोठा चमत्कार. चमत्कार म्हणून उभी केलीये, पण तिच्या चेहऱ्यावर जो कंटाळा आहे ना, 'आटपा लवकर' असा, तो मला कुठल्याही प्रेरणादायी पोस्टपेक्षा जवळचा वाटतो. आणि याच्या उलट, एकोणिसाव्या शतकात कजार राजवटीतल्या इराणात बाईच्या ओठावरची बारीक मिशी देखणी समजत, बायका ती रंगवून गडद करत. तिथे असते तर मी काय मिरवले असते! उगीच दोनशे वर्षं उशीर झाला.

परवा भाचीचा मेसेज आला, रात्री, बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं आणि मग एवढंच, मावशी तुला पण येतात का गं. मी फोनच केला. पाळी कशी आहे विचारलं, कधीपासून वाढले विचारलं, कुठल्या टेस्ट करून घ्यायच्या ते सांगितलं, डॉक्टरकडे मी सोबत येते म्हटलं, आणि जायच्या आधी केस काढल्याशिवाय राहवत नसेल तर खुशाल काढ पण आधी मोबाईलवर जवळून फोटो काढून ठेव, तेच दाखवू. चिमटा बंद, सध्या रेझर, कोरड्या कातडीवर नाही फिरवायचा, आणि कुणाशी शेअर करायचा नाही. हे सगळं तिने निमूट ऐकलं आणि मग हळूच विचारलं, आईला रेझर दिसला तर? म्हटलं, दोन घे, एक तिच्या कपाटात ठेव, मी तिची बहीण आहे, तिलाही लागतो.